सागवानी फर्निचर : चांदा-गडचिरोलीचे लाकूड व त्याची पारख

महाराष्ट्रात टिकाऊ फर्निचरासाठी साग (टेक्टोना ग्रँडिस) हे लाकूड सर्वांत प्रतिष्ठित मानले जाते. चंद्रपूर (पूर्वीचे चांदा) व गडचिरोली या जिल्ह्यांतील पानझडी अरण्ये हे त्याचे प्रमुख उत्पत्तिस्थान होय. आलापल्ली व बल्लारशा येथील आगारांतून ओंडक्यांचा लिलाव होतो. अयोध्येतील राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहूनच सागवान पाठविण्यात आले.

इतिहास : या भागात गोंड राजांनंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निधन पावल्यावर ब्रिटिशांनी ते राज्य खालसा केले व १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव व संरक्षित असे वनांचे वर्ग पाडले. अहेरी, मुरुमगाव इ. जमीनदाऱ्यांतील वने मात्र १९५१ मध्ये जमीनदारी नष्ट होईपर्यंत जमीनदारांकडे राहिली. गावकऱ्यांना घर व अवजारे यांसाठी लाकूड घेण्याची ‘निस्तार’ म्हणून सवलत असे. परंतु मौल्यवान साग हा प्रामुख्याने महसुलाचा विषय राहिला. महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले व सागाच्या लागवडीस वेग आला. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला.

लाकडाची पारख : सागाचे मध्यकाष्ठ (खोडाचा आतील पक्व भाग) सोनेरी तपकिरी असते व काळानुसार गडद होते. बाहेरील रसकाष्ठ फिकट पांढुरके असून त्यास वाळवी व बुरशी लवकर लागते. मध्यकाष्ठातील तेलकट द्रव्ये व टेक्टोक्विनोन यांमुळे कीड दूर राहते. ताज्या कापास चामड्यासारखा वास येतो व स्पर्श किंचित तेलकट लागतो. वाळलेल्या सागाचे वजन दर घन मीटरला सु. ६५० किग्रॅ. भरते. जलद वाढलेला साग दुर्बळच असतो, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. वाढीच्या वेगापेक्षा मध्यकाष्ठाचे प्रमाण महत्त्वाचे असते. कोवळ्या झाडात ते कमी असते आणि रसकाष्ठाला रंग देऊन ते पक्व भासविणे सोपे असते. म्हणून रंगविलेल्या दर्शनी भागापेक्षा खणाचा तळ, पाठफळी व पायांची खालची टोके तपासावीत.

लाकडाची वाळवणही तितकीच निर्णायक असते. लाकूड ओले असताना घडविल्यास ते पुढे आक्रसते, फळी वाकते व सांधे सुटतात. वापर व हवामान यांनुसार आर्द्रतेच्या कमाल मर्यादा आयएस २८७ या भारतीय मानकात दिल्या आहेत. चांगल्या कामात एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसविलेली असते. केवळ खिळ्यांवर तोललेली चौकट फार काळ टिकत नाही. रुंद फळीला ऋतुमानानुसार फुगण्या-आक्रसण्यास जागा ठेवणे हे जाणत्या वाढयाचे (सुताराचे) लक्षण मानतात. शिसव, बीजा व शिवण ही लाकडेही फर्निचरास उपयुक्त असून, त्यांना साग म्हणून खपविणे एवढाच दोष असतो.

मूळ व मालकी : गुणवत्तेबरोबर लाकडाचे मूळही पाहावे लागते. वैध ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का व सोबत वाहतूक परवाना असतो. हे कागद पाहिल्याशिवाय घेतलेले स्वस्त सागवान बहुधा जंगलतोडीस हातभार लावते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. या कायद्यातील गौण वनोपजात बांबू, मोह, तेंदू इ. येतात, इमारती लाकूड येत नाही. त्यामुळे ज्या वनाचे रक्षण गाव करते त्यातील सागाच्या विक्रीवर त्याचा तसाच अधिकार नसतो. शहरातील घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या सागवानी वस्तूंचे मोल ठरविताना हा इतिहासही लक्षात घेणे आवश्यक ठरते.