बाल्टिमोरचा जॉनी युनिटास

वकिली करणाऱ्या माणसाच्या बहुतेक ओळखी खटल्याच्या वाटेने होतात. आमची जॉनी युनिटासशी ओळख तशीच झाली. व्यापारचिन्हांचा कायदा चाळत असताना अमेरिकेतील सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९९४ साली दिलेला एक निवाडा आमच्या वाचनात आला. वाद एका फुटबॉल संघाच्या नावाचा होता. बाल्टिमोर नगरातील एका नव्या संघाला ‘कोल्ट्स’, म्हणजे शिंगरे, हे नाव हवे होते. आणि दहा वर्षांपूर्वी ते नगर सोडून इंडियानापोलिसला गेलेला जुना संघ म्हणत होता की, नाव आमच्या मालकीचे आहे. निवाडा वाचून संपला, परंतु ज्या नावासाठी एक सबंध नगर दहा वर्षे झुरते, त्या नावात त्या नगराने पाहिले तरी काय होते, हा प्रश्न मनातून जाईना. शोध घेता घेता आम्ही जुन्या हकीकतींपर्यंत गेलो, आणि बहुतेक प्रत्येक हकीकतीच्या शेवटी एकच माणूस उभा दिसू लागला. आखूड कापलेले केस, किंचित वाकलेले खांदे, पायांत घोट्याच्या वर येणारे काळे बूट आणि पाठीवर १९ हा आकडा.

फुटबॉल म्हटल्यावर गोव्यातील आमच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर जो खेळ उभा राहील, तो हा नव्हे. येथे चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातात घेऊन पळावयाचे किंवा हाताने फेकावयाचे. एका बाजूस ११ गडी. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू बहुधा प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा लागतो. जवळजवळ प्रत्येक प्रयत्न ज्याच्या हातून सुरू होतो तो क्वार्टरबॅक. चेंडू हाती आल्यावर त्याला जेमतेम तीन-चार सेकंद मिळतात. समोरून तीन-तीन मण वजनाचे गडी त्याला लोळविण्यास धावून येत असतात, आणि त्या गर्दीत त्याने आपला सहकारी कोठे पोहोचेल हे ताडून, तो पोहोचण्यापूर्वीच चेंडू तेथे टाकावयाचा असतो. आज कोणती चाल खेळावी हे प्रशिक्षक त्याच्या शिरस्त्राणातील यंत्रातून त्याला सांगतात. युनिटासच्या काळी ही चाल बहुतेक वेळा तो स्वतः ठरवीत असे. त्याच्या खेळाविषयी पुढे जे आदराने बोलले गेले, त्याचा अर्धा भाग या निर्णयशक्तीविषयी आहे.

त्याचा जन्म ७ मे १९३३ रोजी पिट्सबर्ग येथे, लिथुएनियाहून आलेल्या एका श्रमिक कुटुंबात झाला. वडिलांचा कोळसा पोहोचविण्याचा लहानसा धंदा होता. मुलगा पाच वर्षांचा असताना ते वारले, आणि आईने तो धंदा व घर दोन्ही सांभाळले. नोत्र दाम विद्यापीठाने अंगाने किरकोळ म्हणून त्याला नाकारले. लुईव्हिल विद्यापीठाने घेतले. १९५५ साली त्याच्याच गावच्या स्टीलर्स संघाने नवव्या फेरीत त्याची निवड केली आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी, सरावाच्या सामन्यांत एक पाससुद्धा फेकू न देता, त्याला घरी पाठविले. पायाच्या खांबांची ठोकणी करणाऱ्या मजुरांच्या टोळीत तो काम करू लागला, आणि ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या स्थानिक संघाकडून सामन्याला सहा डॉलर घेऊन खेळू लागला. १९५६ साली बाल्टिमोरने त्याला बोलाविले. मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाल्यामुळे शिकागोच्या संघाविरुद्ध तो मैदानात उतरला, तेव्हा त्याचा पहिलाच पास प्रतिपक्षाने मध्ये पकडला आणि थेट टचडाउन केले. तो सामना कोल्ट्स ५८-२७ असा हरले.

असा माणूस बाल्टिमोरला आवडला यात नवल नाही. ते नगरही तसेच होते. बंदर, पोलादाचा प्रचंड कारखाना, एकाला एक लागून बांधलेल्या विटांच्या घरांच्या रांगा, आणि एका बाजूस न्यूयॉर्क तर दुसऱ्या बाजूस वॉशिंग्टन, म्हणजे दोन्हीकडून उपेक्षा. कोल्ट्स तेथे १९५३ साली आले. त्या काळचे खेळाडू हंगाम संपला की नोकरी-धंदा करीत, त्याच वस्त्यांत राहत, त्याच दुकानांतून सामान घेत. चाहत्याला आपला नायक केवळ रविवारी मैदानात दिसत नसे. सोमवारी रस्त्यातही भेटे.

२८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर ६४,१८५ लोकांसमोर अजिंक्यपदाचा सामना झाला. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असता न्यूयॉर्कचे जायंट्स १७-१४ असे पुढे होते, आणि चेंडू बाल्टिमोरच्या स्वतःच्या १४ यार्डांच्या रेषेवर होता. म्हणजे ८६ यार्ड जावयाचे होते. पहिले दोन पास फुकट गेले. तिसऱ्याने ११ यार्ड मिळाले. मग युनिटासने ओळीने तीन पास रेमंड बेरी या एकाच गड्याकडे टाकले. हा बेरी अधू दृष्टीचा, पायाने मंद, पण हट्टी. सराव संपून इतर मंडळी घरी गेल्यावर तो आणि युनिटास तासन् तास चेंडू फेकीत-झेलीत राहत. त्या तीन पासांनी ६२ यार्ड कापले. सात सेकंद उरले असता स्टीव्ह मायराने लाथेने चेंडू खांबांमधून पार केला आणि १७-१७ अशी बरोबरी झाली. जो प्रथम गुण करील तो जिंकेल, अशा जादा वेळेचा त्या अजिंक्यपदाच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग होता. जायंट्सना चेंडू आधी मिळाला, पण त्यांना काही करता आले नाही. मग युनिटासने १३ चालींत ८० यार्ड आपला संघ नेला. गोलपट्टी अगदी जवळ आली होती आणि लाथेने तीन गुण मिळविले असते तरी विजय निश्चित होता. त्याने तेथेही पास फेकला, तो पकडला गेला, आणि पुढच्या चालीत ॲलन अमीची एक यार्ड घुसला. २३-१७. त्या दिवशी युनिटासने ४० पैकी २६ पास साधून ३४९ यार्ड मिळविले. सुमारे साडेचार कोटी लोक दूरचित्रवाणीवर सामना पाहत होते, आणि ऐन जादा वेळेत काही क्षण चित्र नाहीसे झाले; तेवढ्यात कोणी एक इसम मैदानात धावत आला, त्याला बाहेर काढीपर्यंत खेळ थांबला, आणि चित्र परत आले! हा योगायोग होता असे मानणारे थोडेच आहेत.

त्या रात्री बाल्टिमोरच्या विमानतळावर सुमारे ३०,००० माणसे जमली होती. त्या उन्मादाची कल्पना ज्यांना यावयाची असेल त्यांनी १९८२ सालचा ‘डायनर’ हा चित्रपट पाहावा. त्यात १९५९ सालच्या बाल्टिमोरमधील एक तरुण आपल्या वाग्दत्त वधूची कोल्ट्सविषयी रीतसर परीक्षा घेतो. उत्तीर्ण झाली तरच विवाह. कथा कल्पित, पण ती रचणारा बॅरी लेव्हिन्सन बाल्टिमोरचाच, आणि त्याने फारशी अतिशयोक्ती केली असेल असे आम्हांस वाटत नाही.

पुढील विक्रम थोडक्यात सांगतो. १९५९ साली पुन्हा अजिंक्यपद; १९५६ ते १९६० या काळात सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास, आणि हा उच्चांक २०१२ पर्यंत कोणास मोडता आला नाही; कारकिर्दीत एकंदर ४०,२३९ यार्ड. आम्हांस या आकड्यांहून ३ डिसेंबर १९७२ हा दिवस अधिक बोलका वाटतो. त्या वर्षी संघाच्या मालकाने एक विचित्र व्यवहार केला होता. दोन शेतकऱ्यांनी शेतांची अदलाबदल करावी तसा त्याने बाल्टिमोरचा संघ रॉबर्ट अर्से याला देऊन त्याच्याकडून लॉस एंजेलिसचा घेतला. नव्या व्यवस्थेत ३९ वर्षांचा युनिटास बाकावर बसला होता, आणि घरच्या मैदानावरील तो त्याचा अखेरचा सामना होता. आकाशात एक विमान फिरत होते आणि त्याच्यामागे फलक फडफडत होता; एकजुटीच्या प्रसिद्ध इंग्रजी घोषवाक्यातील पहिल्या शब्दाच्या जागी त्यावर युनिटासचे नाव घातले होते. उत्तरार्धात त्याला मैदानात पाठविण्यात आले, आणि त्याने ६३ यार्डांचा टचडाउन पास दिला. काही आठवड्यांतच त्याची रवानगी सॅन दिएगोच्या संघाकडे झाली. १९७४ साली तो निवृत्त झाला.

येथून आमचे, म्हणजे वकिलाचे, प्रकरण सुरू होते. अर्सेचे नगराशी मैदानावरून बिनसले. एका नगराने संघच सक्तीने संपादन करावा ही कल्पना हास्यास्पद वाटेल. पण १९८२ साली ओकलंडच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तसे संपादन तत्त्वतः अशक्य नाही असे ठरविले होते. त्याच धर्तीवर मेरिलंडच्या विधिमंडळात विधेयक आले. २८ मार्च १९८४ च्या रात्री बर्फ पडत असताना सामान वाहणारे डझनभराहून अधिक ट्रक संघाच्या कचेरीच्या दारी लागले, आणि सकाळपर्यंत कोल्ट्स मेरिलंडबाहेर होते. २९ तारखेला कायदा झाला, राज्यपालांची सही झाली. डिसेंबर १९८५ मध्ये संघीय न्यायालयाने निर्णय दिला की, संपादनाच्या वेळी मालमत्ता राज्याच्या अधिकारक्षेत्रात नव्हती. निर्णय कायद्याला धरून आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्यात जो पक्षकार कोठेच नाही तो म्हणजे विमानतळावर जमलेला तो माणूस.

आमच्याकडील एका निवाड्याची येथे आठवण होते. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेच्या मूर्तीचा वाद होता. पूजेची पाळी आलेल्या एका शेबाइताला ती आपल्या घरी न्यावयाची होती. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, मूर्ती ही मालकाने वाटेल तिकडे न्यावयाची जंगम वस्तू नव्हे. ती वैधिक व्यक्ती आहे, तिचे वास्तव्य कोठे असावे याविषयी तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि तिच्या वतीने बोलण्यास निःस्वार्थी माणूस नेमला पाहिजे. फुटबॉलच्या संघाला देवत्व द्यावे असे आम्ही सुचवीत नाही. परंतु भक्ताला बाजू असू शकते एवढे आमच्या कायद्याने ओळखले. १९९४ च्या त्या निवाड्यात, ज्याच्यामुळे आम्ही या वाटेला लागलो, अमेरिकन कायद्याला चाहता दिसला तो केवळ गिऱ्हाईक म्हणून: ‘कोल्ट्स’ हे नाव पाहून टोपी किंवा सदरा घेणाऱ्याची फसगत होईल काय? होईल, असे ठरले, आणि नाव नाकारले गेले. नव्या संघाच्या सामन्यांत निवेदक नावापाशी येऊन थांबे, आणि गाळलेला शब्द प्रेक्षक एकमुखाने ओरडत.

संघाबरोबर न गेलेलेही काही होते. वाद्यपथकाचे गणवेश त्या रात्री धुलाईला गेले होते म्हणून वाचले, आणि संघ नसलेल्या त्या पथकाने वर्षानुवर्षे वादन चालू ठेवले. दुसरा युनिटास. संघाने नव्या गावी त्याची कीर्ती आपली म्हणून सांगितली, तेव्हा त्याने स्पष्ट नकार दिला आणि आपण बाल्टिमोरचे कोल्ट आहोत, इंडियानापोलिसचे नव्हे, असा अखेरपर्यंत आग्रह धरला. अधिकृत नोंदवहीत त्याचे यार्ड आजही इंडियानापोलिसच्या खात्यावर मोजले जातात. उलट १९९६ साली क्लीव्हलंडचा संघ बाल्टिमोरला आला तेव्हा नाव, रंग आणि पूर्वेतिहास क्लीव्हलंडलाच ठेवण्याची तडजोड झाली. बाल्टिमोरला जे मिळाले नव्हते ते दुसऱ्या नगराला मिळाले. पण तेथील चाहत्यांचा संघ मात्र बाल्टिमोरनेच नेला, हेही लिहिले पाहिजे. रेव्हन्स या नव्या नावाच्या त्या संघाच्या सामन्यांना म्हातारा युनिटास मैदानाच्या कडेला उभा असे. ज्या उजव्या हाताने त्याने ते पास फेकले, त्याची बोटे जुन्या दुखापतीमुळे धड मिटतही नव्हती.

११ सप्टेंबर २००२ रोजी हृदयविकाराने तो गेला. इंडियानापोलिसचा तरुण क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने पुढील सामन्यात युनिटाससारखे काळे उंच बूट घालण्याची परवानगी मागितली. ते गणवेशाच्या नियमांत बसत नाही, घातल्यास जबर दंड होईल, असे त्याला सांगण्यात आले, आणि त्याने घातले नाहीत. बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक क्रिस रेडमन हा लुईव्हिल विद्यापीठातूनच आलेला. त्याने न विचारता घातले. त्याला दंड झाला. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या नव्या मैदानासमोर युनिटासचा पुतळा उभारण्यात आला. त्याच्याही पायांत तेच बूट आहेत, आणि सामन्याला जाणारे लोक त्या बुटाला हात लावून मग आत जातात.