जैवविविधतेचे दोन सिद्धांत : भूमिका की यदृच्छा?

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेली आणि गातून सरोवराच्या पाण्यात एका टेकडीचे बारो कोलोराडो हे बेट झाले. या बेटावरील ५० हेक्टर जंगलात १९८०च्या दशकाच्या आरंभापासून किमान एक सेंटिमीटर व्यासाच्या प्रत्येक खोडाची ठरावीक काळाने नोंद होत आली आहे. झाडे दोन लाखांहून अधिक, जाती सुमारे ३००. तोच सूर्यप्रकाश, तेच पाणी; मग इतक्या जाती एकत्र नांदतात कशा?

याचे रूढ उत्तर 'नीश' सिद्धांत देतो. नीश म्हणजे एखाद्या जातीच्या गरजा आणि परिसरातील तिची विशिष्ट भूमिका. भूमिका अगदी सारखी असेल, तर दोघींपैकी एक जात हटते, असे गौझे यांच्या १९३४च्या ग्रंथानंतर मानले जाऊ लागले. हचिन्सन यांनी १९५७ मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिले. मात्र १९६१ मध्ये त्यांनीच शंका काढली, की मोजक्या पोषकद्रव्यांच्या पाण्यात प्लवकांच्या एवढ्या जाती राहतात तरी कशा?

स्टीफन हबेल यांनी २००१ मध्ये मांडलेला तटस्थ सिद्धांत या प्रश्नाची दिशाच बदलतो. एकाच अन्नस्तरावरील सर्व जातींच्या प्रत्येक जीवाला जन्म, मृत्यू व प्रसार यांची समान संधी आहे, असे तो गृहीत धरतो. झाड कोसळले, की रिकामी जागा कोणाला मिळेल हे यदृच्छेवर अवलंबून. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर हे प्रतिमान विपुल व दुर्मिळ जातींचे प्रमाण बरेच अचूक सांगते.

गृहीतक उघडच असत्य आहे. काही झाडे सावलीत वाढतात, काहींना ऊनच लागते. पण भौतिकशास्त्रही घर्षणरहित पृष्ठभाग कल्पिते, असा समर्थकांचा युक्तिवाद. तो वजनदार आहे, परंतु खरी अडचण निराळी. २००३ मध्ये ब्रायन मॅकगिल यांना बारो कोलोराडोच्या आकडेवारीशी जुना लॉग-नॉर्मल वक्र अधिक जुळलेला दिसला, तर त्याच वर्षी हबेल व सहकाऱ्यांना तटस्थ सिद्धांताचा. एकच वक्र भिन्न कारणांतून निघू शकतो. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. तत्त्वज्ञ याला पुराव्याची अपुरी निर्णायकता म्हणतात. म्हणून वक्रापेक्षा प्रक्रिया तपासणे अधिक फलदायी. याच बेटावरील २००० सालच्या अभ्यासात, एका जातीच्या बिया जेथे दाट पडतात तेथे त्यांतून तुलनेने कमी रोपे तगतात, असे आढळले. दुर्मिळांना मिळणाऱ्या या सवलतीला तटस्थ प्रतिमानात स्थान नाही. त्यामुळे अनेक अभ्यासक ते अंतिम सत्य न मानता तुलनेसाठीची आधाररेषा मानतात.

संवर्धनाच्या दृष्टीने हा भेद कागदी नाही. जंगलाचे तुकडे झाले तर जाती घटतात, हे दोन्ही सिद्धांतांना मान्य आहे. तटस्थ सिद्धांतानुसार आधी जातील त्या केवळ संख्येने थोड्या असलेल्या. नीश सिद्धांतानुसार ज्यांची ओल, सावली वा परागवाहक हरपले त्या, मग आज त्या कितीही विपुल असोत.