प्रॉटेस्टंट स्तोत्रगायन

प्रॉटेस्टंट उपासनेत जमलेल्या साऱ्या मंडळीने आपल्या बोलीत एकत्र गाण्याची परंपरा. सोळाव्या शतकापूर्वी पश्चिम युरोपातील चर्चमध्ये गायन लॅटिनमध्ये चाले आणि ते मुख्यतः धर्मगुरू व गायकवृंद यांच्याकडे असे. बोहेमिया या चेक प्रदेशातील सुधारणावादी हुसपंथीयांनी मात्र लोकभाषेतील गाणी आधीच रुजवली होती. १५०१ मध्ये चेक गीतांचा संग्रह छापलाही गेला.

मार्टिन ल्यूथर १५२३ पासून जर्मन गीते रचू लागला. पुढच्याच वर्षी न्यूरेंबर्गला निघालेल्या पहिल्या संग्रहात अवघी आठ गीते होती, त्यांपैकी चार त्याची. झ्युरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीने उपासनेतून संगीतच काढून टाकले. कॅल्व्हिनने मध्यम मार्ग धरला: वाद्ये नकोत, शब्द बायबलचेच हवेत. मारो व बेझा यांनी फ्रेंच पद्यात आणलेली बायबलमधील सर्व १५० स्तोत्रे १५६२ मध्ये जिनिव्हात प्रसिद्ध झाली.

पुस्तक छापले, तरी ते वाचणार कोण, ही अडचण उरलीच. तिच्यावरचा उपाय या परंपरेतील सर्वांत जिवंत भाग आहे. अग्रगायक एक ओळ सांगे आणि मंडळी ती गाई. मग पुढची ओळ. इंग्लंडच्या संसदेने १६४५ मध्ये मान्य केलेल्या उपासनाविधीत, जिथे अनेकांना वाचता येत नाही तिथे असेच करावे, असे सांगितले आहे. चाली थोड्या असत, पण बहुतेक इंग्रजी पद्ये ८-६-८-६ अक्षरांच्या साच्यात बसवलेली असल्याने एका चालीवर शेकडो पदे म्हणता येत. लय संथ होत गेली, जो तो आपल्या गळ्याप्रमाणे हरकती घेऊ लागला. सुशिक्षित पाळकांना हा गोंधळ वाटला. वस्तुतः ती एक स्वतंत्र गायकी होती. स्कॉटलंडच्या लुइस बेटावरील गेलिक मंडळ्यांत ती आजही ऐकू येते.

आयझॅक वॉट्सच्या १७०७ मधील संग्रहाने इंग्रजी गायनाला वळण दिले. भाविकाने स्वतःच्या शब्दांत गावे, हा त्याचा आग्रह होता. चार्ल्स वेस्ली याने पुढे हजारो गीते लिहिली. अमेरिकेत गायनशाळा निघाल्या. जॉर्जियातील दोघांनी १८४४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘द सेक्रेड हार्प’ या गीतसंग्रहात त्रिकोण, वर्तुळ, चौकोन व हिरा अशा आकारांची स्वरचिन्हे आहेत. गाणारे चौकोनात समोरासमोर बसतात, आधी फा, सोल, ला, मी अशी स्वरनामे गातात आणि मगच शब्द. तिथे श्रोता असा कोणी नसतो.

महाराष्ट्रात अमेरिकन मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले. सुरुवातीची बरीच गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग, ओवी, पद व कीर्तन उपासनेत आणले. ‘उपासना-संगीत’ या संग्रहातील त्यांची गीते मराठी मंडळ्या आजही गातात.