अजिंठा चित्रप्रतिकृती : जतन व संरक्षण

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांच्या भित्तिचित्रांवरून एकोणिसाव्या शतकात तयार केलेल्या कापडावरील तैलचित्रप्रतिकृतींचे जतन हे संग्रहालयीन संरक्षणाच्या इतिहासातील एक उद्बोधक प्रकरण होय. अजिंठ्याची मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर, तो सुकल्यानंतर, रंगविलेली आहेत. गिलाव्यात वनस्पतिजन्य द्रव्ये मिसळलेली असल्याने ओलावा व कीटक यांमुळे तो भिंतीपासून सुटत जातो. १८१९ मध्ये लेणी इंग्रजांच्या नजरेस आल्यानंतर ही हानी स्पष्ट झाली आणि निदान चित्रांच्या नकला तरी राहाव्यात, असा विचार पुढे आला.

मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून हे काम हाती घेतले. त्यांच्या बऱ्याच प्रतिकृती लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मधील आगीत त्या नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२–८५ या काळात, मध्ये खंड पडून, विद्यार्थ्यांच्या साहाय्याने पुन्हा प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. याही संग्रहाला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे आग लागली व अनेक चित्रे जळाली. उरलेली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. नाशापासून वाचविण्यासाठी केलेली नक्कल मुळाआधीच नाहीशी व्हावी, हा विलक्षण योग म्हटला पाहिजे. एकाच ठिकाणी सर्व संग्रह ठेवण्यातील धोकाही त्यातून दिसतो.

नक्कल करणाऱ्यांनी मूळ चित्रांचेही नुकसान केले. रंग उजळून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढविण्यात आले. पुढे हैदराबादच्या निजाम सरकारने बोलाविलेल्या चेक्कोनी व ऑर्सीनी या इटालियन तज्ञांनी १९२०–२२ मध्ये सुटलेला गिलावा पक्का केला. ही त्यांची मोठी कामगिरी होय. परंतु त्यांनी लावलेला लाखेचा थरही कालांतराने पिवळा पडला. असे थर जुने झाले की सहजासहजी विरघळत नाहीत, धूळ धरतात आणि आकसताना रंगाचे पापुद्रे ओढतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ञांना ते अतिशय सावकाश काढावे लागले. पुढे काढून टाकता येईल असेच द्रव्य वापरावे, हा जतनशास्त्रातील नियम अशाच अनुभवांतून दृढ झाला.

प्रतिकृतींचे प्रश्न निराळे आहेत. उष्णतेने तैलरंगाला फोड येतात, काजळी कापडाच्या विणीत शिरते, तर कापड वर्षानुवर्षांच्या आम्लतेने ठिसूळ बनते. मोठे चित्र गुंडाळणे भागच असेल, तर ते रुंद नळकांड्यावर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळतात. आत ठेवल्यास रंगथर दबून त्यास चुण्या पडतात. दमटपणातील चढउतार टाळणे हे साफसफाईहूनही महत्त्वाचे.

भिंतीवरून आज लुप्त झालेले काही भाग या प्रतिकृतींत पाहावयास मिळतात. आकृतींची मांडणी व चित्राची व्याप्ती यांबाबत त्या मोलाचा पुरावा ठरतात. रंगांच्या बाबतीत मात्र त्यांवर फारसे विसंबता येत नाही. कारण नक्कल होण्यापूर्वीच भिंती काळवंडल्या होत्या आणि छायाप्रकाश दाखविण्याची चित्रकारांची सवय युरोपीय होती.