दात मागायचा उंदराकडे

आमच्या झरी जामणीकडे लेकराचा दुधाचा दात पडला की तो कवेलूवर फेकतात आणि उंदराकडे नवा, मजबूत दात मागतात. गंमत म्हणजे विज्ञानालाही वाट उंदरानेच दाखवली.

अमेरिकेत स्टॅनले कोहेन यांनी उंदराच्या नवजात पिल्लांना लाळग्रंथीचा अर्क टोचला. पिल्लांचे दात वेळेआधी उगवले, डोळेही लवकर उघडले. त्यामागचे प्रथिन त्यांनी १९६२ साली वेगळे करून दाखवले. वाढीला चालना देणाऱ्या अशा प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. या शोधासाठी कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

पुढे २००० साली अक्कलदाढेच्या आतल्या गरात आणि २००३ साली दुधाच्या दातातही मूलपेशी सापडल्या. दात घडताना काही ग्रोथ फॅक्टर त्याच्या कठीण थरात अडकून राहतात. किडीच्या आम्लाने तो थर झिजला की ते सुटतात आणि गरातल्या मूलपेशींना कामाला लावतात. त्या आतून नवा थर रचू लागतात.

पण कीड खोल जाऊन गरच मेला, तर हाक ऐकणार कोण? म्हणून वर्गात गालावर हात धरून बसलेल्या लेकराला 'दुधाचाच दात आहे, पडेल' असे म्हणू नका. गर जिवंत आहे तोवर त्याला डॉक्टरकडे न्या.