शाळेतील व्यक्तिगत इलेक्ट्रॉनिक उपकरणे : नियमनाच्या इतिहासाचा एक आलेख

१

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बुटीबोरी हे गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या विस्तीर्ण वसाहतीमुळे त्याचे मूळचे ग्रामस्वरूप पालटले. कारखान्यात पाळीने काम करणारे आईबाप आणि शाळेत जाणारी मुले यांच्या वेळा जेथे जुळत नाहीत, अशा वस्तीत भ्रमणध्वनी ही चैनीची वस्तू राहत नाही. मूल सुखरूप घरी पोहोचले की नाही, हे कळण्याचे ते एक साधन असते. त्याच वस्तूला शाळेच्या दारात अटकाव होतो. आईबापांना आश्वासक वाटणारी वस्तू शिक्षकांना विघ्नकारक का वाटावी, या प्रश्नाचे उत्तर केवळ मानसशास्त्रात सापडत नाही. त्यासाठी शाळा आणि यंत्र यांच्या संबंधाचा इतिहास पाहावा लागतो.

त्या इतिहासाकडे पाहता एक गोष्ट स्पष्टपणे नजरेत भरते. शाळेने यंत्राला यंत्र म्हणून क्वचितच विरोध केला. तिचा आक्षेप यंत्राच्या व्यक्तिगत मालकीला होता.

२

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. आकाशवाणीने विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम प्रसारित केले आणि ज्या शाळेत रेडिओ होता तेथे तो भूषण मानला जाई. पुढे दूरचित्रवाणीचेही असेच स्वागत झाले. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती केली. २०१७ साली ही संस्था बंद पडेपर्यंत शासनाच्या दृष्टीने पडदा हा फळ्याचाच विस्तार होता. या दोन्ही साधनांची लक्षणे समान होती : यंत्र एक, श्रोते अनेक, आणि ते सुरू वा बंद करण्याचा अधिकार गुरुजींच्या हाती.

विद्यार्थ्याच्या खिशात मावणाऱ्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे, म्हणजे गणकयंत्राचे, भाग्य असे नव्हते. महाराष्ट्रातील शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांत लॉगॅरिथमच्या कोष्टकांची परंपरा दीर्घकाळ टिकली आणि गणकयंत्र सर्वसाधारणपणे परीक्षागृहाबाहेरच राहिले. मात्र गणिती आकलनात अक्षमता असणाऱ्या विद्यार्थ्यांस मंडळाने ते वापरण्याची सवलत दिली. हा अपवाद महत्त्वाचा आहे. एकाच वस्तूला एका विद्यार्थ्याच्या बाबतीत गैरमार्ग आणि दुसऱ्याच्या बाबतीत न्याय्य साहाय्य मानता येते, हे तत्त्व या अपवादात मान्य झालेले आहे. परीक्षेतील गैरप्रकारांना आळा घालणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९८२ सालचा, म्हणजे भ्रमणध्वनी येण्याच्या कितीतरी आधीचा. तात्पर्य, व्यक्तिगत उपकरणाविषयीचा संशय प्रथम परीक्षागृहात रुजला आणि मग वर्गात आला.

३

भारतात भ्रमणध्वनीची सेवा १९९५ साली सुरू झाली. पुढील दशकात संचांच्या व संभाषणाच्या किमती उतरत गेल्या, तसा तो विद्यार्थ्यांच्या दप्तरापर्यंत पोहोचला. २००९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या संलग्न शाळांना परिपत्रक काढून विद्यार्थ्यांनी शाळेत भ्रमणध्वनी आणू नये, असे कळविले. त्या काळातील नियमांचा रोख मुख्यतः एकाग्रतेच्या भंगावर व छायाचित्रणाच्या दुरुपयोगावर होता. नियम सोपा होता, कारण वस्तू अद्याप अनावश्यक होती. जी वस्तू नसली तरी शिक्षण अडत नाही, ती वर्ज्य करणे कोणालाच कठीण नसते.

परंतु याच सुमारास शासनाचे दुसरे धोरण विरुद्ध दिशेने वाटचाल करीत होते. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ शाळा उभारण्याची चळवळ जिल्हा परिषदांच्या शाळांत पसरली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतचिन्हे जोडण्याचा प्रयोग केला. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुतच आहे. बालभारतीच्या पुस्तकांवरही अशी चिन्हे छापली जाऊ लागली. या चिन्हाचा उपयोग भ्रमणध्वनीवाचून कसा व्हावा? पुस्तक ज्या यंत्राकडे बोट दाखवी, तेच यंत्र शाळेचा नियम दाराबाहेर ठेवी. ही विसंगती काही काळ कोणाला जाणवली नाही, कारण संच घरी आणि पालकांच्या हाती आहे, असे गृहीत धरले होते.

४

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि हे गृहीतक एकाएकी उघडे पडले. काल जी वस्तू जप्त होत असे, ती आज हजेरीची अट बनली. १४ जुलै २०२० रोजी केंद्र शासनाने ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा अधिक नाही, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे, नववी ते बारावीसाठी तशीच चार सत्रे, अशी मर्यादा त्यांत सुचविली होती. ‘आणू नये’ या निषेधाऐवजी ‘इतकाच वेळ’ असे मापाचे सूत्र येथे प्रथमच देशव्यापी स्वरूपात अवतरले.

साधनांचे वाटप मात्र विषम होते. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार, घरात स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. वाढ मोठी असली तरी प्रत्येक शंभरांतील अडतीस मुले वंचितच राहिली, आणि ज्या घरी संच होता तेथेही तो बहुधा कमावत्या माणसाबरोबर कामावर जाई. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत तेथील शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले, ते याच अडचणीमुळे. ज्याच्या खिशात यंत्र नाही त्याच्यासाठी गल्लीच वर्ग बनली. सामुदायिक साधनाची जुनी परंपरा संकटकाळी अशी परत आली.

५

शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा प्रश्न पूर्वीचा राहिला नव्हता. शिक्षणासाठी म्हणून हाती दिलेला संच मुलांनी खाली ठेवला नाही, अशी तक्रार सार्वत्रिक झाली. या तक्रारीला महाराष्ट्रातील दोन गावांनी दिलेली उत्तरे तुलनेस योग्य आहेत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांसी या गावाने ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांना भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी दंड ठरविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळा मार्ग काढला होता. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी संच बंद ठेवले जात. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी संवाद वा वाचन करावे, अशी अपेक्षा होती. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन लोकांची समजूत घातली.

दोन्ही गावांचा हेतू एकच होता, पण नियमाची घडण भिन्न होती. बांसीचा नियम वयाला अनुसरून होता आणि तो मुलांनाच लागू होता. वडगावचा नियम वेळेला अनुसरून होता आणि तो बापालाही लागू होता. यांपैकी कोणता अधिक फलदायी, हा वेगळ्या पाहणीचा विषय आहे. परंतु नीतीच्या दृष्टीने पाहता, आपण स्वतः न पाळलेला संयम मुलांकडून मागण्याचा दोष दुसऱ्या नियमात राहत नाही.

६

गावांप्रमाणेच न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन वसतिगृहाच्या प्रकरणात निकाल दिला. सायंकाळी सहा ते दहा संच जमा करण्याचा नियम न पाळणाऱ्या विद्यार्थिनीस तेथून काढण्यात आले होते. इंटरनेटचा उपयोग हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, असे मानून न्यायालयाने तिला परत घेण्यास सांगितले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने शालेय विद्यार्थ्यांच्या बाबतीत मध्यममार्ग सांगितला. शाळेत सरसकट बंदी इष्ट नाही, पण शक्य तेथे संच सकाळी जमा करून घरी जाताना परत द्यावेत आणि वर्गात त्यांचा वापर होऊ नये. सुरक्षितता व संपर्क यांसाठी वापरास वाव असावा, मनोरंजनासाठी नसावा. नियम पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांच्या विचाराने करावेत, असेही न्यायालयाने म्हटले.

जगातील प्रवाह याच सुमारास निर्बंधाकडे वळलेला दिसतो. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने प्राथमिक शाळा व ‘कोलेज’ यांत वापरास मनाई केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील चौथ्या हिश्शाहून कमी देशांत अशी बंदी होती. २०२४ च्या अखेरीस ते प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले.

७

या सर्व वृत्तान्तातून निघणारा निष्कर्ष बुटीबोरीसारख्या वस्तीलाच अधिक लागू पडतो. तेथील मुलाकडून संच काढून घेणे सोपे आहे. कठीण आहे ते त्या संचाने भागविलेली गरज दुसऱ्या मार्गाने भागविणे. दुपारी आजारी पडलेल्या मुलाला आपल्या आईशी कोणाच्या यंत्रावरून बोलता येईल, घरी संच नसलेल्या मुलाला पुस्तकातील संकेतचिन्हामागचा पाठ कोठे पाहता येईल, या प्रश्नांची उत्तरे नियमाच्या त्याच कागदावर लिहिलेली असली पाहिजेत. शाळेत सर्वांना खुला असलेला एक दूरध्वनी आणि सर्वांना पाहता येणारा एक पडदा असेल, तर संच दाराशी ठेवण्यास सांगणाऱ्या शिक्षकाच्या शब्दाला वजन येते.

एके काळी शाळेत रेडिओ एकच असे आणि तो सर्वांचा असे. आज यंत्रे पुष्कळ झाली, पण सर्वांचे असे यंत्र शाळेत उरले आहे काय, हे तपासल्यावाचून केलेला निषेधाचा नियम न्यायाच्या दृष्टीने अपुराच राहील.