वर्गणीची वाइन : घरपोच खोके आणि त्याचे गणित

मासिकाची वर्गणी ही मराठी वाचकाच्या ओळखीची गोष्ट आहे. वर्षाचे पैसे एकदा भरावेत आणि संपादकाने निवडलेला मजकूर दर महिन्याला घरी यावा, असा तो सरळ व्यवहार असतो. ब्रिटन आणि अमेरिकेत वाइनच्या बाबतीतही हीच पद्धत रुळली आहे. ग्राहक ठरावीक रक्कम भरतो आणि विक्रेत्याने निवडलेल्या तीन, सहा किंवा बारा बाटल्यांचे खोके दर महिन्याला वा दर तीन महिन्यांनी त्याच्या दारात येते. सोबत प्रत्येक वाइनची माहिती देणारे टिपणही असते. घरी बसून रेड वाइनचा आस्वाद घेऊ इच्छिणाऱ्याला यातून बरेच शिकता येते. मासिक न वाचता बाजूला ठेवले तर काही बिघडत नाही; वाइनचे खोके मात्र किती दिवसांत संपते, याला महत्त्व आहे.

प्रदर्शनातील पिंपांपासून

या व्यवहाराची मुळे सहकारात आहेत, हे महाराष्ट्रातील वाचकाला विशेष वाटेल. १८७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानंतर पोर्तुगालहून आलेली वाइनची पिंपे तळघरांत पडून राहिली. त्या वास्तूच्या उभारणीत मोठा वाटा असलेले मेजर जनरल हेन्री स्कॉट यांनी ती खपावीत म्हणून भोजनाचे कार्यक्रम योजले. त्यातूनच सभासदांसाठी वाइन खरेदी करणारी सहकारी संस्था त्याच वर्षी स्थापन झाली. ‘द वाइन सोसायटी’ या नावाने ती आजही चालू असून तिचे ठाणे स्टीव्हनेज येथे आहे. प्रत्येक सभासदाचा एकच भाग असतो आणि तो आयुष्यभर चालतो.

पुढे व्यापारी कंपन्यांनीही हा मार्ग धरला. टोनी लेथवेट यांनी १९६९ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो परिसरातील वाइन थेट इंग्लंडमधील ग्राहकांना विकण्यास सुरुवात केली. १९७३ मध्ये त्यांच्याच सहभागाने ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राच्या नावाचा वाइन क्लब निघाला आणि वाइनविषयक लेखक ह्यू जॉन्सन त्याचे अध्यक्ष झाले. वाचकांचा वृत्तपत्रावरील विश्वास असा वाइनच्या खोक्यापर्यंत पोहोचला.

अमेरिकेत अडथळा कायद्याचा होता. १९३३ मध्ये देशव्यापी दारूबंदी उठली, पण मद्याचे नियमन राज्यांकडे गेले. अनेक राज्यांनी परराज्यातील उत्पादकाला थेट ग्राहकाच्या घरी वाइन पाठवण्यास मनाई केली होती. स्थानिक उत्पादकाला मुभा आणि बाहेरच्याला बंदी हा मिशिगन व न्यूयॉर्कमधील भेदभाव तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे २००५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर कॅलिफोर्नियातील नापा, सोनोमा येथील वाइनरींना आपल्या क्लबचे सभासद दूरच्या राज्यांत मिळवणे सोपे झाले.

निवड दुसऱ्याची, जीभ आपली

दुकानात गेलेला ग्राहक बहुधा ओळखीचीच बाटली उचलतो. वर्गणीत निवड दुसऱ्याची असल्याने कधी स्पेनमधील रिओहाची तेंप्रानियो, कधी अर्जेंटिनातील मेंदोसाची माल्बेक, तर कधी ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातील शिराझ समोर येते. लाल वाइनचे वैविध्य समजण्याचा हा उत्तम मार्ग होय. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात रंगहीनच असतो. रस सालींसह आंबवला जातो तेव्हा सालींतून रंग आणि ‘टॅनिन’ हे तुरट द्रव्य उतरते. जाड सालीच्या काबर्ने सोव्हिन्योंचा तुरटपणा आणि पातळ सालीच्या पिनो न्वारचा हलकेपणा लागोपाठच्या दोन संध्याकाळी अनुभवला, की हा फरक जिभेला नेमका कळतो. खोक्यासोबतच्या टिपणावर स्वतःचे दोन शब्द लिहून ठेवले, तर वर्षअखेरीस आपल्या आवडीचा आलेख तयार होतो.

मात्र निवड सोपवताना अटी वाचणे आवश्यक असते. पहिले खोके मोठ्या सवलतीत मिळते आणि नंतरची नेहमीच्या दराने येतात. काही विक्रेते केवळ आपल्यासाठी बाटलीबंद केलेल्या वाइन पाठवतात. त्या अन्यत्र मिळत नसल्याने किमतीची तुलना करता येत नाही. ‘नको’ असे कळवेपर्यंत पुढील माल येत राहण्याची रीत अमेरिकेत १९२६ मध्ये सुरू झालेल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने रूढ केली होती. वाइनच्या अनेक योजना त्याच रीतीवर चालतात. त्यामुळे मधले खोके थांबवता येते का, नावडत्या बाटलीचे पैसे परत मिळतात का आणि पोहोचवण्याचा खर्च किमतीत धरला आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

घरातील व्यवस्था

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला जुन्या युरोपीय घरांतील गार खोल्यांना उद्देशून होता. बहुतेक लाल वाइन १५ ते १८ अंश सेल्सिअसला चांगल्या लागतात. गामे, पिनो न्वार यांसारख्या हलक्या वाइन त्याहून किंचित गार असाव्यात. खोली उबदार असेल तर बाटली वाढण्यापूर्वी सुमारे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवणे योग्य ठरते. फार गार वाइनचा तुरटपणा वाढतो आणि गरम वाइनमध्ये अल्कोहोलच तेवढा नाकाला झोंबतो.

न उघडलेल्या बाटल्या अंधाऱ्या, थंड आणि तापमानात चढउतार नसलेल्या जागी ठेवाव्यात. बुचाची बाटली आडवी ठेवली, की बूच ओले राहते. स्वयंपाकघरातील शेगडीजवळचे कपाट ही सर्वांत वाईट जागा होय. प्रत्येक वाइन लोणच्यासारखी मुरत नाही. रोजच्या दरातील बहुतेक वाइन एकदोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात. बाटली उघडताच अर्धी वाइन छोट्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर ती कित्येक दिवस टिकते. कारण हवेशी तिचा संबंध फारसा येत नाही. वाइनला पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा वास आला तर तो दोष बुचातून आलेल्या रसायनाचा असतो. ती प्यायल्याने अपाय होत नाही, पण तशी बाटली बदलून मागावी.

परदेशातील मराठी घरांत प्रश्न येतो तो जेवणाचा. टॅनिन मांसातील प्रथिनांशी जुळते, पण तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची जळजळ वाढवतात. म्हणून झणझणीत रश्शासोबत जड, तुरट वाइनपेक्षा बोझोलेसारखी फळांच्या चवीची हलकी वाइन बरी.

बाटलीचा हिशेब

१९९१ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ‘फ्रेंच विरोधाभास’ लोकप्रिय केला आणि लाल वाइन हृदयाला हितकारक असल्याची समजूत पसरली. आजचे शास्त्र तिला दुजोरा देत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. औषध म्हणून वाइन घेण्याला आधार उरलेला नाही. ती प्यायची असेल तर चवीसाठी आणि मोजून.

मोजमाप कठीण नाही. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १३ टक्के अल्कोहोल असेल, तर शुद्ध अल्कोहोल सुमारे ९७.५ मिलिलिटर भरतो. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटरचे एक एकक धरतात आणि २०१६ पासून तेथील सल्ला आठवड्याला १४ एककांपेक्षा अधिक न घेण्याचा आहे. म्हणजे आठवड्याची मर्यादा जेमतेम दीड बाटलीची. बारा बाटल्यांचे खोके एकट्याने दर महिन्याला संपवल्यास आठवड्याला सुमारे २७ एकके होतात, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. तेच खोके दोघांना तीन महिने पुरवले तर प्रत्येकी साडेचार एकके पडतात. पुढचे खोके येणार म्हणून मागचे संपवण्याची घाई होऊ लागली, तर वर्गणीची मुदत बदलावी.

महाराष्ट्रात काय?

महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यानंतर नाशिक परिसरात वाइनरींची वाढ झाली. परंतु मद्य हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतील विषय असल्याने उत्पादन शुल्क आणि विक्रीचे नियम राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मद्य बाळगण्यासाठी व सेवनासाठी परवान्याची तरतूद आहे. सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याच्या मंत्रिमंडळाच्या जानेवारी २०२२ मधील निर्णयावरही मोठा वाद झाला होता. त्यामुळे परदेशासारखी वर्गणी येथे रुजलेली नाही. त्यातील चांगला भाग मात्र तिच्याविना साधता येतो. चारसहा मित्रांनी परवानाधारक दुकानातून महिन्याला वेगवेगळ्या द्राक्षजातींच्या दोन बाटल्या घ्याव्यात, निवडीची पाळी भिशीसारखी फिरती ठेवावी आणि प्रत्येकाने थोडी थोडी चाखून आपले मत लिहून ठेवावे. खर्च विभागला जातो आणि मात्राही आपोआप आटोक्यात राहते.